कावेची छाटी आणि काचेचं मीठ

“आणि पाण्यातला चुना? तो जातो कुठं?”

मठाच्या डोमाजीबाबांनी विचारलं. विचारताना त्यांची नजर शालिककडं नव्हती. मांडीवर ठेवलेल्या छाटीवर होती.

छाटी नवी, कोरडी, घडी घातलेली. भगव्या रंगाची. तिच्यावर एक डाग नव्हता.

“जात नाही जी कुठंच,” शालिक म्हणाला. “पाण्यातच राहतो. पण बसत नाही.”

“बसत नाही?”

“ते मीठ बसूच देत नाही त्याला.”

बाबांनी नुसतं ‘हं’ केलं आणि छाटीवरून हात फिरवला. म्हाताऱ्या तळव्याची खरखर त्या सुती कापडावर ऐकू आली.

सकाळची वेळ. पैनगंगेचा घाट. पाणी संथ होतं, पायऱ्यांवर ऊन नुकतंच उतरलं होतं.

ही तेव्हाची गोष्ट, जेव्हा मठात नळ आला नव्हता आणि साधूंच्या छाट्या तयार रंगवलेल्या बाजारातून येत नव्हत्या. आता सगळं येतं. मोटार थेट मठाच्या दाराशी जाते. पण त्या वेळची जुनी माणसं भेटली की अजून त्या कावेच्या दगडी डोणीची आठवण काढतात.

रीत अशी होती. ज्याला मठाचा व्हायचं त्यानं आपली छाटी आपल्या हातानं रंगवायची. मागच्या टेकाडावर जायचं, तांबडी काव खणून आणायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची आणि दगडी डोणीत मठाच्या विहिरीच्या पाण्यात कालवून त्यात कापड भिजवायचं. वाळलं की ते नेसून नदीत उतरायचं, बुडी मारायची. मग बाबा पाण्यात यायचे, त्याच्या कानाला तोंड लावायचे आणि एक नाव द्यायचे. ते नाव जन्मभर घ्यायचं. कुणाला सांगायचं नाही.

अडचण पाण्याची होती. तो मुलूखच चुनखडीचा, सिमेंटचे कारखाने तिकडं उगीच नाही आले. विहिरीचं पाणी दिसायला असं निवळ की तळाचा दगड मोजावा. पण त्यात डाळ शिजता शिजत नसे. साबण लावला तर फेस व्हायच्या ऐवजी त्याचं दही व्हायचं. आणि काव कालवली की तिच्या गुठळ्या होऊन तळाला बसायच्या. कापडाला रंग चढायचा तो कुठं गडद, कुठं फिका, कुठं नाहीच.

म्हणून मठात सगळ्यांच्या छाट्या डागाडागांच्या. लांबून माणूस ओळखू यायचा. स्वयंपाक बघणारे भिवाबुवा होते, त्यांच्या पाठीवर बसलेल्या कोंबडीसारखा एक डाग होता. बुवा टेकाड उतरायला लागले की गावातल्या बाया म्हणायच्या, “कोंबडी आली गं, पीठ काढून ठेव.”

शालिक खिरटकरला हे खपत नव्हतं.

तो माणूस तेलगिरणीतल्या बॉयलरवर राबलेला. सगळी उमर त्यात गेली. पाणी तापतं तिथं चुन्याची खपली धरते, नळ्या आतून बुजतात, कोळसा जास्त लागतो आणि एखाद्या दिवशी नळी फाटते. पण शालिकच्या बॉयलरच्या नळीत बोट घालून फिरवलं तरी नखाला पांढरं लागत नसे. आजूबाजूच्या गिरण्यांची माणसं बघायला यायची. तो काही बोलायचा नाही, नुसता बाजूला उभा राहायचा. पण उभं राहण्यातही ऐट असते.

मठात आल्यावर त्यानं छाटी रंगवली. डाग पडले. त्यानं दुसरं कापड घेऊन पुन्हा रंगवली. पुन्हा डाग. मग त्यानं गिरणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून ते मीठ मागवून घेतलं आणि तिसऱ्यांदा कोरं कापड रंगवलं.

आणि आज छाटी अशी झाली होती की भिवाबुवांनीसुद्धा ती उजेडात धरून, उलटून पालटून बघितली होती.

घाई करण्याला कारण होतं. बाबांचा आवाज बसत चालला होता. कधी यायचा, कधी दोन दोन दिवस यायचा नाही. त्यांनी सांगून टाकलं होतं, आज शालिकला देईन ते शेवटचं नाव. यापुढं कुणाला नाही.

“दाखव तरी ते मीठ,” बाबा म्हणाले.

शालिकनं कनवटीतून एक तुकडा काढला. बाबांनी तो दोन बोटांत धरून उन्हात बघितला. त्यातून पलीकडची नदी दिसली, जराशी वाकडी.

“ही तर काच आहे.”

“काचच म्हणा जी. पण विरघळणारी.”

“ऐका!” वरच्या पायरीवरून भिवाबुवा म्हणाले. “काच विरघळते म्हणे. बाप्पा, माझ्या चष्म्याला पाणी लागू देऊ नका.”

“तुमचा चष्मा वेगळा, बुवा.”

“वेगळाच आहे. त्यातून मला तू साधू दिसतोस.”

शालिक हसला नाही. बाबा मात्र हसले. मग म्हणाले, “बनते कशी ही?”

आता शालिकला बरं वाटलं. हे त्याचं राज्य होतं.

“आमच्या गिरणीत एक केमिस्ट साहेब होते. मोठा मायाळू माणूस. माझ्यासंगं कोळशाच्या ढिगावर बसून चहा प्यायचे. त्यांनी सांगितलेलं. फॉस्फेट म्हणतात याला. खतात असतं, हाडात असतं. मुळात सुटं सुटं असतं, एकेक कण आपापला. ते भट्टीत घालून तापवलं की दोन कणांच्या मधलं पाणी उडून जातं. पाणी गेलं की ते एकमेकाला धरतात. मग तिसरा येऊन धरतो, मग चौथा... अशी लांबच लांब साखळी.”

“मधलं पाणी गेलं की जुळतात.”

“हो जी.”

बाबांनी ते वाक्य जणू तोंडात घोळवलं.

“मग?”

“मग तापून त्याचा लाल रस होतो. तो गार लोखंडावर एकदम ओततात. एकदम निवला की त्याची ही काच. सावकाश निवू दिला तर खडे धरतात, मग आमच्या कामाचा नाही.”

“अन् ही साखळी चुन्याला काय करते?”

“धरून ठेवते. चुना पाण्यात आहे, पण त्याला बसायला फुरसत नाही. नळीला लागत नाही, भांड्याला लागत नाही. लई लागतही नाही हे, टाकीभर पाण्याला चिमूट पुरते. कापड रंगवणारे घालतात. धुण्याच्या पावडरीत असतं, कपड्याचा मळ उचलून पाण्यात तरंगत ठेवतं. चिनीमातीच्या कपबशा करतात ना, त्यांची मातीची राबडी घट्ट झाली की चिमूट टाकायची, राबडी पाण्यासारखी पळते. कावही मातीच. म्हणून म्हटलं, गुठळी होणार नाही.”

“खाण्यात घालतात का?” भिवाबुवांनी विचारलं. डाळ न शिजण्याचं दुःख त्यांचं होतं.

“विलायती पनीर असतं, त्यात घालतात म्हणे.”

“म्हणजे आपल्या डाळीला नाही.”

“बुवा, तुम्ही डाळ तरी भिजत घालत जा.”

“बघा बाबा, अजून छाटी अंगावर नाही अन् मला शिकवतो!”

बाबांनी हात वर केला. दोघं गप्प झाले.

“एकदा घातलं की झालं? जन्माचं?”

“नाही जी. गरम पाण्यात साखळी टिकत नाही. पाणी पुन्हा मधे शिरतं, तुकडे पडतात, कण पुन्हा सुटे. म्हणून ताजं घालावं लागतं. रोज.”

“रोज?”

“रोज. मी एक दिवस चुकवला नाही.”

“एकही?”

“एकही नाही.” शालिकची मान ताठ झाली. “आमची मंडळी गेली, त्या दिवशीही नाही. दुपारी तिला पोचवून आलो अन् सांजच्याला ड्यूटीवर हजर. बॉयलर थंडा पडू देता येत नसतो. सगळे म्हणत होते, शालिकच्या डोळ्यात टिपूस नाही. नव्हताच. सांगतो बाबा, माझ्यावर काही बसत नाही. लोक इथं येऊन वर्षंवर्षं खरवडत बसतात. मी साफ होऊन आलोय.”

नदीवरून एक बगळा गेला. त्याची सावली पाण्यावरून सरकत गेली.

बाबांनी छाटी उचलून शालिकच्या हातात दिली.

“नेस. बुडी घे.”

शालिक छाटी नेसला. खरंच देखणा दिसला. उंच माणूस, रुंद पाठ, आणि त्यावर तो एकसारखा भगवा रंग. भिवाबुवांची थट्टा ओठातच राहिली. तो एकेक पायरी उतरला, छातीभर पाण्यात गेला, नाक धरलं आणि खाली गेला.

पाण्यावर आधी काही नव्हतं.

मग एक तांबूस ढग वर आला.

शालिक वर आला तेव्हा तो ढग त्याच्याभोवती फिरत होता. त्यानं घाबरून छाटी हातात धरली, तर बोटांच्या मधून रंग सुटला. चोळावी लागली नाही, पिळावी लागली नाही. कापडाला कधी लागलाच नव्हता असा तो निघाला आणि प्रवाहाला मिळाला. नदीत एक लांब तांबडा पट्टा तयार झाला. तो सावकाश वळण घेऊन खाली गेला...

शालिकच्या अंगावर छाटीचा नुसता पांढरा पंचा उरला.

“अरे बाप्पा,” भिवाबुवा म्हणाले. “छाटी याची अन् दीक्षा नदीनं घेतली!”

ते हसायला लागले. मग त्यांना शालिकचा चेहरा दिसला आणि ते थांबले. मठातल्या डागाळलेल्या छाट्या त्यांनी आयुष्यभर याच नदीत धुतल्या होत्या. फिक्या व्हायच्या. पण अशी रिकामी झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

शालिक पाण्यात उभा राहून विचार करत होता. चुकलं कुठं, ते त्याला तिथंच कळलं. बॉयलरवाला माणूस तो, बसू न देणारी वस्तू त्यानं बसवायच्या कामाला लावली होती. जे मीठ नळीला चुना लागू देत नाही ते कापडाला काव कशी लागू देईल? त्यात आणखी, बॉयलरला चिमूट पुरते हे ठाऊक असून त्यानं डोणीत मूठ भरून टाकली होती. डाग नको, एवढंच डोक्यात होतं.

“पुन्हा रंगवतो,” तो म्हणाला. “मीठ न घालता. उद्या वाळेल... नाही तर परवा.”

बाबा खाली गेलेल्या तांबड्या पट्ट्याकडं बघत होते.

“बाबा, डाग पडू द्या. चालतील. पण मला नाव द्या. तुमचा आवाज...” पुढचं त्यानं गिळलं. “मी घर मोडून आलो जी. परत जायला जागा नाही.”

बाबा पायरीवरून उठले. काठी बाजूला ठेवली. भिवाबुवा हात द्यायला पुढं झाले, त्यांना त्यांनी नको म्हटलं. एक पायरी उतरून ते पुन्हा बसले. पाय पाण्यात सोडले.

“घरी अंघोळीचं पाणी कशात तापायचं?”

शालिकला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“जी?”

“अंघोळीचं पाणी.”

“बंबात. तांब्याचा बंब होता.”

“त्यात घालायचास, हे मीठ?”

“नाही.”

“काहून?”

“गिरणीचा माल. घरी कसा न्यायचा?” आणि मग, कसं कोण जाणे, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. “तिचं तेच तर भांडण होतं.”

“कुणाचं?”

“मंडळीचं. बंबात हा एवढा थर धरायचा. पाणी तापायला सकाळ जायची. मग तिचा पट्टा सुरू. ‘गिरणीचा बॉयलर आरशासारखा अन् माझ्या बंबात चुन्याची भिंत! अहो, चिमूटभर आणलं तर गिरणी बुडेल का? हा काय परक्याचा बंब आहे?’”

वरच्या पायरीवर भिवाबुवा खुदकन हसले.

“तुम्ही काय म्हणायचात?” त्यांनी विचारलं. एकदम अहोजाहो केलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“मी काय म्हणणार? पेपर वाचायचो. मग ती बंब अंगणात आडवा पाडायची अन् लाटण्यानं ठोकायची. सगळ्या आळीला कळायचं, शालिकच्या घरी बंब ठोकतात. खपल्या पडायच्या सुपात. पांढऱ्या, जाड, बिस्किटासारख्या.”

“टाकून द्यायची?” बाबांनी विचारलं.

“टाकेल ती?” शालिक आता हसत होता. पाण्यात उभं राहून, पांढऱ्या पंच्यात, हसत होता. “खलबत्त्यात कुटायची. वस्त्रगाळ करायची. अन् त्याचीच रांगोळी काढायची दारात. शेजारणी विचारायच्या, इतकी पांढरी रांगोळी कुठून आणता बाई? ती म्हणायची, ‘आमचे हे मोठे बॉयलरवाले ना. आमच्याकडं पाण्यातून येते, फुकट.’ मला ऐकू जाईल अशा आवाजात.”

“छान काढायची?”

“छान नाही जी. रेघ सरळ नसायचीच तिची. मोर काढला तर बदक व्हायचं. पण रोज. पाऊस असला तर वळचणीखाली एवढीशी. मी ड्यूटीवर निघालो की म्हणायची, ‘पाय बाजूनं टाका, बदक तुडवू नका.’ एवढी वर्षं मी दारातून तिरपाच निघालो.”

त्यानं पाण्याकडं बघितलं.

पाणी हळू हळू जात होतं. तांबडा पट्टा आता कुठंच नव्हता.

“त्या दिवशीही सकाळी काढली होती,” तो म्हणाला. “दुपारच्या आत तिच्या छातीत कळ आली अन् संपलं. माणसं आली, ताटी बांधली, नेलं. आलो परत. मग कामाचे कपडे घातले अन् निघालो. दारात बघतो तर... शंभर पाय पडून गेले होते तिच्यावरून. सगळी फिसकटलेली. पण एका बाजूला चोच राहिली होती जी. बदकाची.”

बाबा ऐकत होते.

“मी...” शालिक म्हणाला. “मी त्या दिवशी सरळ निघालो. त्या चोचीवर पाय...”

एवढा उंच माणूस, पण खांदे हलायला लागले. त्यानं पंच्याचा बोळा तोंडात धरला, तरी आवाज आलाच. तो आवाज नदीच्या पलीकडच्या तीरावर गेला. तिथं एक गुराखी गायी पाजत होता, तो उभा राहून बघायला लागला.

भिवाबुवांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला नाही.

बराच वेळ गेला. ऊन दोन पायऱ्या खाली उतरलं.

मग बाबा पाण्यात उतरले. छाटीचा सोगा वर न घेताच उतरले. ती जुनी डागाडागांची छाटी त्यांच्याभोवती पाण्यावर पसरली. ते सावकाश चालत शालिकपाशी आले. त्याच्या खांद्याला धरून त्यांनी त्याला खाली वाकवलं.

शालिकनं डोळे मिटले. कान पुढं केला. अंगावर रंग नव्हता, तरी कान पुढं केला.

काहीच ऐकू आलं नाही.

क्षण गेला. आणखी एक गेला. त्याला वाटलं, बाबांचा आवाज गेला. आत्ताच गेला. त्यानं घाबरून डोळे उघडले.

बाबांनी त्याच्या कानाला तोंड लावलेलंच नव्हतं. उलट आपलाच कान त्यांनी त्याच्या तोंडापाशी आणून ठेवला होता. हात कानामागं धरला होता, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा.

“बाबा... नाव?”

“हाव,” बाबा होकारार्थी मान हलवत म्हणाले. “तिचं नाव काय होतं?”